पन्नास अंशांवरचा थांबा

आमच्या बिअरचा फेस टिकत नव्हता आणि मी ते फारच मनावर घेतलं होतं. ग्लासात ओतली की वर छान पांढरा थर यायचा आणि बघता बघता विरून जायचा. अण्णा नगरातल्या घरून कंपनीच्या बसनं कारखान्यात जाताना शेजारची बाई तमिळमधून नवऱ्याच्या तक्रारी सांगायची. मी हो हो म्हणत फेसाचा विचार करायचे.

आमचे मुख्य ब्रूअर, म्हणजे सर, तंजावरच्या मराठी घरातले, निवृत्तीला दोनच महिने राहिलेले. त्यांनी सगळा दोष नव्या माल्टवर टाकला. माल्ट परत पाठवायचा, विषय संपला. मला मात्र आमच्याच थांब्याचा संशय होता.

बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होतो. त्याची भरड गरम पाण्यात कालवून आम्ही आधी पन्नास अंशांवर थांबवत असू. हेतू हा, की प्रथिनं फुटावीत आणि बिअर गढूळ होऊ नये. पूर्वीच्या अर्धवट मोडांच्या माल्टला ते लागायचं. नव्या माल्टमध्ये प्रथिनं मोड येतानाच पुरेशी फुटलेली असतात. त्यात पुन्हा थांबलं, तर बुडबुड्याभोवती पापुद्रा धरणाऱ्या प्रथिनांचाही चुरा होतो. मग फेस उभा राहणार कशाच्या जोरावर? पण या थांब्यात अख्खा विभाग फिल्टर कॉफी प्यायचा! थांबा काढा म्हटल्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांच्या ताटातलं उचललंय.

मी सरांशी चक्क भांडले. "प्रयोगशाळेत दोन्ही करून पाहिलं, सर. माल्ट तोच. थांबा नसला की फेस टिकतो."

"भांड्यांत सगळें साधतें, मा." सरांची मराठी जुन्या वळणाची, आणि मुलींना ते तमिळ रीतीनं मा म्हणत. "अख्खी टाकी गढूळ जाली तर? माझ्या सहीनें ओतून द्यावी लागेल. जातां जातां हें नांव घेऊन जाऊं काय?"

मी प्रयोगाची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग तमिळमध्ये होकार देत म्हणाले, "सरी. एकच घाणा."

त्या दिवशी वाफेचा व्हॉल्व्ह त्यांच्याच हातात होता. तापमानाचा काटा पन्नासवर आला आणि त्यांचा हात सवयीनं व्हॉल्व्ह बंद करायला लागला. "सर, नको!" मी एवढ्यांदा ओरडले की कॉफीवाला दारातच थबकला. त्यांनी हात मागे घेतला. काटा पुढे सरकला.

बिअर मुरेपर्यंतचे आठवडे मी घरच्यांचं डोकं खाल्लं. शेवटी एका सकाळी सरांनी स्वतः ग्लास भरला. बिअर इतकी नितळ, की पलीकडची त्यांची बोटं दिसत होती. वर फेस चढला आणि राहिला. त्यांनी ग्लास कलता केला, तर फेस काचेला चिकटून बसला. "बघा! बघा!" मी अक्षरशः उड्या मारत होते. तिथे मराठी कळणारे ते एकटेच, पण सगळे हसायला लागले.

सर हसले नाहीत. त्यांनी आधी फोन करून माल्ट परत पाठवायचा नाही म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"माझा हात पन्नासावर थांबल्यावांचून राहायचा नाहीं, मा. उद्यांपासून घाणा तुम्हीं चढवा."