कुटुंबातील व्यक्ती : एक

सहकारी आरोग्य मंडळीच्या कचेरीत संगणक आला तो अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये. त्याच्यासाठी आतल्या खोलीला एसी बसवला, काचेचं दार लावलं आणि दाराबाहेर चपला काढाव्यात अशी पाटी टांगली. सभासद देवळात शिरावं तसे अनवाणी आत डोकावत, हिरवी अक्षरं बघत आणि हळू आवाजात बोलत. या सगळ्याचा अभिमान कुणाला वाटत असेल तर तो आत्माराम पाष्टे याला.

आत्माराम मंडळीचा चिटणीस. मिरजोळ्याच्या पुढे, कातळमाळाच्या सड्याच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतला. त्या वाडीतून बी.कॉम. झालेला पहिलाच. सकाळच्या एसटीने रत्नागिरीत उतरायचं, मारुती मंदिरापासून चालत कचेरी गाठायची, आणि टेबलावरची एकही चिठ्ठी निकाली न काढता संध्याकाळची गाडी पकडायची नाही, असा त्याचा खाक्या. हिशेबात मोघमपणा त्याला खपत नसे. ‘अंदाजे’ हा शब्द कुणी काढला की तो पेन खाली ठेवी.

मंडळीची योजना साधी होती. आसपासच्या गावांतल्या लोकांनी वर्षाची वर्गणी भरायची, आणि आजारपण आलं की शहरातल्या ठरलेल्या दवाखान्यात मंडळीने बिल भरायचं. सुरुवातीला वर्गणी चुलीमागे होती. गावकीची वर्गणी जशी चुलीमागे, शिमग्याची जशी चुलीमागे, तशीच ही. एका चुलीवर जेवतात ते एक घर. हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

पण पुढे पुढे लोकांनी त्यातली मेख ओळखली. कैक वर्षं वेगळे राहणारे तिघे भाऊ वर्गणीच्या वेळी एक चूल म्हणून उभे राहू लागले. अध्यक्ष रावजी शेट म्हणत, “पावती फाडायची तर चूल एक, नि भांडायचं तर चुली तीन! आत्माराम, असं चाललं तर मंडळीला आपणच खांदा द्यायचा.” तेव्हा समितीने ठरवलं, यापुढे दर कुटुंबातल्या माणसांप्रमाणे. एकट्याचा वेगळा, नवराबायकोचा वेगळा, मुलं असली तर वेगळा, म्हातारे आईवडील असले तर वर थोडी भर. हा हिशेब संगणक करील आणि पावत्याही तोच छापील.

प्रोग्रॅम लिहायला कोल्हापूरचा इंगवले नावाचा तरुण आला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “चिटणीससाहेब, कुटुंब म्हणजे कोण कोण, तेवढं पक्कं सांगा. मशीनला मोघम चालत नाही.”

आत्मारामला हा मुलगा तिथल्या तिथे आवडला.

“पती, पत्नी, अविवाहित अपत्यं. आणि कुटुंबप्रमुखाचे आईवडील.”

“बास?”

“बास.”

इंगवलेने बोटं थांबवली. “घरात बाकीचीही असतात की हो. म्हातारी आत्या असती, विधवा भावजय असती. ‘इतर आश्रित’ म्हणून एक रकाना ठेवू का? आत्ता ठेवला तर दहा मिनिटांचं काम. मागनं सगळं उचकटाय लागतंय.”

“नको,” आत्माराम म्हणाला. “तो रकाना ठेवलात की अख्खी मुंबई त्यात येऊन बसेल.”

दोघेही हसले. इंगवलेने पुढचं विचारलं, आत्मारामने पुढचं सांगितलं. इंगवले ‘विधवा भावजय’ म्हणाला तेव्हा आत्मारामला काशीवहिनी आठवली नाही. नंतर त्याने हा क्षण मनात पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला, आणि प्रत्येक वेळी त्याला याचंच नवल वाटलं. आठवली असती आणि तरी नको म्हटलं असतं तर ते एक वेळ समजता आलं असतं.

काशीवहिनी त्याच्या थोरल्या भावाची, सखारामची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा आत्माराम चौथीत होता. सखाराम मुंबईला गोदीत होता, तिथेच काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं न्यायला आली, तर ती म्हणाली, “ह्या पोराला कोन बगील?” म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली, सासरा आधीच गेलेला. काशीवहिनीने भात लावला, नाचणी केली, सड्यावरचं गवत कापून त्याचे भारे डोक्यावरून रत्नागिरीच्या बाजारात नेले. आत्माराम कॉलेजात नफातोट्याची खाती शिकत होता तेव्हा कधी कधी बाजाराच्या तोंडाशी ती दिसे. मित्र बरोबर असले तर ती तोंड फिरवून उभी राही, त्याला ओळख द्यावी लागू नये म्हणून.

त्याचं लग्न तिनेच जमवलं. विमला घरात आल्यावरही चुलीपुढची जागा काशीवहिनीचीच राहिली. मुलं तिला मोठी आय म्हणत. आत्मारामला ती ‘आत्मा’ म्हणे, अरेतुरे करी, चिटणीस झाल्यावरही.

नवे दर लागू झाले आणि कचेरीत कलकलाट सुरू झाला. सगळ्यांत मोठा आवाज लवू बंडब्याचा. त्याच्या घरी म्हातारी आत्या होती.

“आमच्या आतेला आता खाडीत सोडू काय? तुमच्या यंत्राला आते दिसत नाय?”

“एकट्या सभासदाचा दर आहे ना, लवू. त्यात नाव घाल.”

“एकट्या? आमच्या घरात आमी आठ जनं जेवतो, त्यात ती एकटी कशी?” लवूने रांगेकडे वळून बघितलं. “आनि चिटणीससाहेब, तुमच्या वैनीला कुटं बसिवलीत? का तुमच्यासाटी यंत्रात चोरदार हाय?”

रांग हसली. आत्मारामचे कान तापले. त्याने तिथेच, लवूच्या देखत, आतल्या खोलीत जाऊन काशीवहिनीचं नाव एकट्या सभासदाच्या दरात घातलं, वर्गणी स्वतःच्या खिशातून भरली आणि पावती खिडकीतून सगळ्यांना दाखवली. “नियम माझ्या घरापासून.” लवू रांगेतून बाजूला झाला. रावजी शेटने त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत आत्माराम ताठ बसला होता.

घरी आल्यावर त्याने दोन्ही कार्डं काढली. एक स्वतःचं, विमलाचं आणि मुलांचं. दुसरं काशीवहिनीचं. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. त्याने हौसेने वाचून दाखवलं.

“कुटुंबप्रमुख, श्रीमती काशीबाई सखाराम पाष्टे.”

“मी? कुटुंबपरमुख?” तिला हसू आलं. “आनि माज्या कुटुंबात कोन कोन?”

“कुटुंबातील व्यक्ती, एक.”

काशीवहिनीच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती थोडी दुमडूनच. तिने ती सरळ केली नाही.

“म्हंजे मी वायली?”

घरातून वेगळं निघणं, स्वतःची चूल मांडणं, याला वाडीत वायलं होणं म्हणत. हा शब्द भांडणातच ऐकू येई.

“तसं नव्हे वहिनी. हे नुसतं बिलापुरतं. दर काढायला यंत्राला लागतं.”

“पन मंडळीत तसं छापलंय ना?”

“छापलंय. म्हणून काय झालं?”

“चारचौघांच्या देकत छापलंस?”

“लवूसमोर. उद्या कुणी बोट दाखवायला नको.”

“बरा केलास,” ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून आला तेव्हा मागच्या पडवीत धूर दिसला. जांभ्याचे तीन दगड मांडून, शेणाने सारवून काशीवहिनीने चूल केली होती. वर मातीच्या मडक्यात पेज शिजत होती. विमला दारात पदर तोंडाला लावून उभी.

“सकाळपासून सांगतेय, ऐकतच नाहीत,” विमला म्हणाली. “माझं काही चुकलं का विचारलं, तर म्हणाल्या, तुजं काय चुकंल, बाय.”

“वहिनी, हे काय?”

तिने फुंकणी बाजूला ठेवली. “गावात जाहीर केलं वायलं नि जेवतात एका चुलीवर, तर गावकी काय करते? दंड करते ना? आपल्या वाडीत मानसं त्याच्यावरनं एकमेकांचं तोंड बगत नायत. उद्या लवू म्हनंल, चिटणीसानं कारड खोटं केलं. तुमच्यावर बालंट नको.”

“गावकीचं वेगळं नि मंडळीचं वेगळं!”

“मानसं तीच ना, भावजी?”

आत्माराम त्या वाक्यातल्या तर्कापेक्षा शेवटच्या शब्दापाशी थांबला. भावजी. आणि त्याआधी ‘तुमच्यावर’. आजवर कधी नाही ते. वेगळ्या निघालेल्या घरातली बाई दिराशी बोलते तसं ती बोलली होती, आणि रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर पाय धरता आले असते. ती त्याचा शब्द खरा करत होती.

त्याला वाटलं, चार दिवसांनी निवळेल. निवळलं नाही. काशीवहिनी शेतात पूर्वीसारखीच राबे, मुलांची वेणीफणी करी, विमलाच्या पाठीला तेल लावी. फक्त जेवायच्या वेळी पडवीत जाई. मुलं आपापली ताटं घेऊन तिच्याकडे धावत, तर ती आधी विचारी, “आयेला इचारलंस?”

दिवाळीआधी आत्माराम रावजी शेटकडे गेला आणि ‘इतर आश्रित’ रकान्याचं बोलला. शेट म्हणाले, “आता? वर्षाच्या मध्ये? लोक म्हणतील चिटणीसाने घरासाठी नियम फिरवला. पुढच्या वर्षी बघू.” आत्माराम पटल्यासारखी मान हलवून बाहेर पडला. खरं तर त्याला पटलेलं नव्हतं. हट्ट धरला असता तर शेट ऐकत, हे त्याला ठाऊक होतं. पण लवूची रांग त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती हसेल याची भीती पडवीतल्या धुरापेक्षा मोठी निघाली.

मग शिमगा आला. पालखीची वर्गणी ठरवायला गावकी देवळात बसली. गावकीचा प्रमुख, गावकर महिपत बाब्या, घरांची नावं पुकारू लागला. “आत्माराम पाष्टे, एक चूल.” आत्मारामने हात वर केला. “काशी सखाराम पाष्टे, एक चूल.”

आत्माराम उठला. “बाबा, ती आमच्याच घरातली. ती चूल मोडणार आहे.”

महिपत बाब्याने बायकांच्या बाजूकडे पाहिलं. “काय गो काशी? चूल तुजी हाय का नाय?”

काशीवहिनी उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला. “हाय,” म्हणाली, आणि कनवटीची वर्गणी काढून पुढे ठेवली.

कुजबुज झाली. पालखी घरोघर फिरली तेव्हा पाष्ट्यांच्या अंगणात दोनदा टेकली. दुसऱ्यांदा पडवीसमोर, आणि तिथे ओटी काशीवहिनीने भरली. सखाराम गेल्यापासून तिला कुणी ओटी भरायला पुढे बोलावलं नव्हतं. आत्माराम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता आणि त्याला कळेना, ही आपल्याला शिक्षा आहे की तिला इतकी वर्षं आपण न दिलेलं काही तिला आज मिळतंय.

एप्रिलमध्ये इंगवले आला. “म्हटलं नव्हतं साहेब? आता सगळं उचकटाय लागणार.” दोन दिवस लागले, पण रकाना झाला. आत्मारामने पहिलं कार्ड स्वतः छापलं. कुटुंबप्रमुख आत्माराम, पत्नी, दोन अपत्यं, आणि इतर आश्रित, काशीबाई. लवूच्या आतेचं नाव त्याने दुसरं घातलं.

घरी जाऊन तो थेट पडवीत गेला. काशीवहिनी नाचणीची भाकरी भाजत होती. त्याने कार्ड पुढे केलं.

“वहिनी, हे बघ. आता सगळे एका कार्डावर. तूही.”

तिने हात पुसून कार्ड घेतलं. अक्षरं तिला येत नव्हती, तरी बराच वेळ बघत राहिली.

“ह्यात मी कोन?”

आश्रित हा शब्द त्याला उच्चारवेना. कोल्हापूरच्या मुलाने सुचवला तेव्हा तो किती सरळ वाटला होता.

“घरातली,” तो म्हणाला.

“बरा झाला.” कार्ड तिने परत त्याच्या हातात दिलं. “तुमच्याकडंच ठेवा. औषधपान्याला लागंल.”

“मग आज जेवायला आत चल. विमलाने खाडीतल्या तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं कालवण केलंय.”

काशीवहिनीने भाकरीचा पदर फुगला तशी ती निखाऱ्यावर टाकली. “भावजी, तुमी कारडावर घ्याल, काडाल, परत घ्याल. तुमचं यंत्र हाय, त्याला बरं जमतं. चूल तशी नसते. गावानं सखारामाच्या नावानं पालकी टेकवली हितं. आता ही इजवू?”

बोलण्यासारखं होतं ते सगळं मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये, काचेच्या दाराआड, दहा मिनिटांत बोलता आलं असतं.

“उबे का? बसा ना,” ती म्हणाली.

तिने सारवलेल्या जागेवर पाट मांडला. गरम भाकरी, वर भाजलेला बांगडा, बाजूला कांदा. आत्माराम जेवला. लहानपणी जेवायचा तसाच, भाकरीचा खरपूस कड आधी मोडून. ती समोर बसून वारा घालत होती आणि विचारत होती, कचेरीत गर्दी फार असते का, गाडीला जागा मिळते का. पाहुण्याला विचारावं तसं.

जेवून तो उठला आणि सवयीने स्वतःचं ताट उचलून मोरीकडे वळला. काशीवहिनीने पुढे होऊन ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

“ऱ्हाव द्या,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरात ताट उचलू नये.”