गाठ्यानं बांधलेला दोर

बंदराच्या मागच्या गल्लीत राफ्ट तपासायचं एक वर्कशॉप आहे. जहाज बुडायला लागलं की माणसांनी ज्यात उतरायचं, तो रबरी तराफा म्हणजे राफ्ट. एरवी तो घडी घालून पांढऱ्या पेटीत बंद असतो. वर्षातून एकदा ती पेटी जहाजावरून उतरवून वर्कशॉपमध्ये आणतात, राफ्ट फुगवून बघतात, आणि पुन्हा घडी घालून बंद करतात. ही घडी घालणाऱ्या बाईला सगळं बंदर ताई म्हणतं. खरं तर ती एकाचीच ताई. तिच्या धाकट्या भावाची.

आई गेली तेव्हा तो कडेवरून नुकता उतरला होता. दिसेल त्याला गाठ मारायची त्याला भारी हौस. पडद्यांना, वडिलांच्या बुटांना, एकदा तर झोपलेल्या ताईच्या वेणीला खुर्चीच्या पाठीशी. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं गाठ्या. ताईनं त्याला वाढवलं, दामटून शाळेत पाठवलं, आणि शाळा त्याला पचत नाही हे कळल्यावर जहाजावर चिकटवून दिलं. तिथे मात्र पठ्ठ्या चमकला. होता होता सारंग झाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लग्न झालं, मुलगी झाली. ताईनं स्वतःच्या लग्नाचा विषय कधी काढला नाही, आणि दुसऱ्या कुणी काढला की ती म्हणायची, "एक पोरगं वाढवून झालंय माझं."

त्याच्या जहाजाची राफ्टही तीच तपासायची. त्या दिवशी घडी घालताना ती कुणाशी बोलायची नाही.

एकदा तो सुट्टीवर आला होता. दुपारी जेवताना मोठ्या फुशारकीनं म्हणाला, "ताई, तुझी पेटी आता भूकंप झाला तरी हलायची नाही. अशी आवळलीय!"

"कशानं आवळलीस?"

"दोरानं. पट्ट्याचा हूक गंजून गेलाय. लाटांत पेटी सरकत होती."

ताईचा घास हातातच राहिला. पेटी ज्या पट्ट्यानं बांधतात त्यात एक छोटी कळ असते. जहाज पाण्याखाली गेलं की दाबानं ती कळ पट्टा सोडते आणि पेटी आपोआप वर तरंगते. वरून दोर बांधला की कळ असून नसल्यासारखी.

"अरे वेड्या, हलली नाही तर सुटणार कशी?"

"कळतंय गं मला. कॅप्टनला सांगितलंय, त्यानं ऑफिसला कळवलंय. नवा पट्टा आला की दोर काढतो. तोवर पेटीच वाहून गेली तर? तू काय मला दुसरी शिवून देणार आहेस?"

भावजय हसली. मुलगी बापाच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाच्या गुंड्या काढत होती. दुसऱ्या दिवशी ताईनं जहाजाच्या कंपनीत फोन केला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं बोलला. "मॅडम, मागणी पुढे गेलीय. काळजी नसावी." ताईच्या जिवाला बरं वाटलं.

मागणी खरंच पुढे गेली होती. सारंगानं कॅप्टनला सांगितलं, कॅप्टननं ऑफिसला, ऑफिसनं खरेदी खात्याला, खरेदी खात्यानं दुकानदाराला. जहाज तपासायला आलेल्या साहेबानं लांबूनच मान डोलावली, कारण पेटी जागेवर होती. जो तो आपलं काम करून मोकळा झाला. फक्त पट्टा तेवढा आला नाही.

जहाज गेलं ते एका सकाळी, किनाऱ्यापासून फार दूर नाही. वादळात मालाच्या खणांची झाकणं गळायला लागली. ती गळतात हेही सगळ्यांना ठाऊकच होतं. जहाज कलंडलं आणि दिवस वर यायच्या आत बुडालं. हाताशी आलेल्या फळीला धरून दोघे-तिघे वाचले. गाठ्या त्यांच्यात नव्हता.

मग तेल आलं. जहाजाच्या टाक्यांमधलं काळं, चिकट तेल लाटांवरून किनाऱ्याला लागलं. वाळू काळी झाली, खडक काळे झाले, पक्षी चालत किनाऱ्यावर यायचे आणि बसल्या जागी मरायचे. गावातली माणसं फावडी घेऊन उतरली. ताईही रोज जायची. लोकांना वाटायचं, बाई मोठी सेवाभावी. ती तेल उपसायची आणि प्रत्येक काळ्या ढिगाशी क्षणभर थबकायची. भाऊ सापडला नव्हता.

शेजारी फावडं मारणारी एक मासेविक्रेती एकदा कडाडली, "या जहाजवाल्यांचं तळपट होवो! आमचं पोट मारलं मेल्यांनी!"

"हो," ताई म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

वाचलेल्यांपैकी एक होता जहाजाचा स्वयंपाकी. हाताला बँडेज होतं, तरी तो स्वतःहून भेटायला आला. वर्कशॉपच्या दारातच उभा राहिला. चहा दिला तो हातातच गार झाला.

"तो आमच्याबरोबर उडी मारू शकला असता, ताई. पण सुरी घेऊन राफ्टकडे गेला. ओला दोर, त्यात त्याच्या हातच्या गाठी. कापत होता, कापत होता. मला ओरडून म्हणाला, 'आलोच, एकच गाठ राहिलीय!' आणि जहाज त्या बाजूला कलंडलं."

ताईनं त्याच्या हातातला कप काढून घेतला. "बसा ना," ती म्हणाली.

टाक्यांत उरलेलं तेल काढायला पाणबुडे खाली गेले, तेव्हा ती पेटी त्यांना तशीच दोराखाली बांधलेली दिसली. चौकशीसाठी ती वर आणली आणि वर्कशॉपमध्येच पाठवली. घडी ताईच्या हातची होती, त्यामुळे ती बरोबर होती का हे बघायचं होतं. वर्कशॉपचा मालक म्हणाला, "तू घरी जा, मी करतो."

"नको. मीच उघडते."

चौकशीचे साहेब भिंतीला टेकून उभे होते. ताईनं राफ्ट फुगवायची दोरी ओढली. फसकन आवाज झाला आणि राफ्ट उलगडायला लागली. आधी खालची नळी, मग वरची, मग नारिंगी छप्पर ताठ उभं राहिलं. पाण्याची पाकिटं सीलबंद होती. कुठे शिवण उसवलेली नाही, कुठे हवा जात नाही. सगळ्या खलाशांना पुरून उरेल एवढी जागा. साहेबांपैकी एकजण हळूच म्हणाला, "निर्दोष आहे." ताई गुडघ्यांवर बसली, कपाळ त्या ताठ रबराला टेकवलं, आणि इतके दिवस कोंडलेलं रडं बाहेर पडलं. मालकानं साहेबांना बाहेर नेलं.

चौकशीत तिनं जेवणावरचं बोलणं आणि फोन, दोन्ही सांगितलं. शेवटी ठरलं की जबाबदारी सगळ्यांची. दोष इतक्या जणांत वाटला गेला की कुणाच्याच वाट्याला टोचण्याइतका आला नाही.

त्या संध्याकाळी भावजय म्हणाली, "ताई, तुम्हाला इतकं कळत होतं? मी तर तेव्हा हसत होते. मला नीट सांगायचं होतंत. मी त्यांना जाऊच दिलं नसतं."

"अगं, मी फोन केला होता."

"फोन केला होता," भावजय म्हणाली. चिडून नाही. नुसतंच. आठवडाभरात ती मुलीला घेऊन आईकडे राहायला गेली.

ताई अजून घड्या घालते. पण आता पेटी परत गेली की तिच्या मागोमाग तीही जहाजावर चढते आणि ती कशी बांधली ते स्वतः बघते. जादा दोर दिसला की तो सुटेपर्यंत खाली उतरत नाही. एका तरण्या अधिकाऱ्यानं तिला फटकारलं, "बाई, हे तुमचं काम नाही."

"नाहीच," ती म्हणाली. "म्हणून तर राहून जातं."

सुट्टीच्या दिवशी ती भावजयीकडे जाते. दार उघडतं. मुलगी "आत्या!" म्हणून गळ्यात पडते. भावजय पाण्याचा पेला समोर ठेवते, आत जाते आणि भांडी घासायला घेते. घासून झाली तरी नळ वाहतच राहतो. ताई पोरीचे केस विंचरते, शाळेचं विचारते, आणि उठते. ती जिन्याच्या वळणावर पोचली की वर नळ बंद होतो.