वरचा बोल्ट आधी

बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आमच्याकडे तरी नसतं. तोंडावर मी त्याला न्ताते म्हणत आले, म्हणजे बाबा, आणि आमची सगळी सेबोकेंगची वस्ती त्याला मालोमे म्हणते, म्हणजे मामा. पण इथे मी नाव घेणार आहे. मोलेफी. घेतलं. आता सासूबाई थडग्यातून उठून भांडायला येणार असतील तर खुशाल येऊ देत. त्यांच्या मुलाची दशा त्यांनीही एकदा बघावी.

बस डेपोत होता तोवर मोलेफी पडेल ते काम करायचा. डेपो बंद झाला तेव्हा त्याने आमच्या अंगणात, पीचच्या झाडाशेजारी, गाडीखाली उभं राहता येईल एवढा खड्डा खणला. माझ्या भाजीच्या वाफ्याची जागा होती ती. "भाजी काय, बाजारात मिळते," म्हणाला. तो खड्डा त्याने खणला गुशेशेसाठी. गुशेशे म्हणजे ती जुनी, पेटीसारखी चौकोनी जर्मन गाडी, मागच्या चाकांवर पळणारी. दिसायला साधी, पण अंगात भूत. आमच्याकडची माणसं ती नुसती पळवत नाहीत, फिरवतात. रविवारी मैदानात लोक गोल करून उभे राहतात आणि मधे गाडी भोवऱ्यासारखी गरगरते, टायरांचा धूर होतो, आणि चालवणारा कधी कधी चालत्या गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकतो. मला विचाराल तर हे शहाण्या माणसाचं काम नाही. पण मला कुणी विचारलेलं नाही.

या खेळात कौतुक होतं इंजिनाचं, आणि मार खातात ते गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल. त्यातलं तेल जळतं, त्यात लोखंडाची भुकटी उतरते. म्हणून दर काही खेळांनंतर दोन्हीकडचं तेल काढून नवं घालावं लागतं, आणि ते मोलेफीने घातलेलं असलं की गाडीवाला निर्धास्त मैदानात उतरायचा. शुक्रवार-शनिवारी आमच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागायची. मी तिथेच कढई मांडून माक्वेन्या तळायला बसले, आंबवलेल्या पिठाचे ते गरम गोळे. थांबलेल्या माणसाला भूक लागतेच.

त्याची पद्धत ठरलेली होती. आधी गाडी गल्लीतून हिंडवून आणायला लावायचा, कारण तेल गरम असलं की सगळी घाण घेऊन बाहेर पडतं. मग गाडी खड्ड्यावर, आणि हा खड्ड्यात. दोन बोल्ट असतात, एक वर, एक खाली. खालून जुनं सोडायचं, वरच्या भोकातून नवं भरायचं, ते काठोकाठ येऊन ओघळेपर्यंत.

"वरचा बोल्ट आधी!" कुणी स्वतः हात घालायला गेला की तो ओरडायचा. "खालचा उघडून सगळं तेल सांडलंस आणि वरचा अडकून बसला, मग काय, थुंकी भरणार आहेस?"

जुनं तेल वाहायला लागलं की तो ते बोटावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, नाकाशी न्यायचा, आणि मालकाची कुंडली मांडायचा. "दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना फार घाई करतोस. बायकोपाशीही अशीच घाई असते का रे तुझी?"

खड्ड्याभोवती हशा. मी फाटकातून ओरडायची, "न्ताते, इथे बायामाणसं उभी आहेत!"

"मग त्यांनाच विचार की, मा-सेल्वाने!"

मा-सेल्वाने मी. सेल्वाने आमची मुलगी, ती नवऱ्याबरोबर ब्लुमफोंटेनला असते.

विसरणं सुरू झालं तेव्हा मी हसत होते. हातातला पाना तो घरभर शोधायचा, आणि मी म्हणायची, "म्हातारा झालास, आता तुला विकून टाकते." मग त्याने एकदा कपडे धुवायची पावडर चहात घातली. मग डेपोची बस चुकली म्हणून पहाटे जोडे घालून बसला. दवाखान्यात नर्सने त्याला विचारलं, सध्या देशाचे राष्ट्राध्यक्ष कोण? हा म्हणाला, "का, तुम्हाला माहीत नाही?" आम्ही तिघंही हसलो. मग नर्सने मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही राहणार नाही.

मी कुणाला बोलले नाही. मला एकच हवं होतं. त्याला स्वतःला कळू नये. बाकी जे जायचं ते जाऊ दे, पण मोलेफी संपत चाललाय हे मोलेफीला कळू नये.

इस्टरच्या सोमवारी मोठा खेळ होता. त्या दिवशी सकाळी तांकिसो आला. तांकिसो ब्रेडचा टेम्पो चालवतो, चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि त्याची लाल गुशेशे ही त्याची खरी बायको, असं त्याची बायकोच सांगते. मोलेफी खड्ड्यात उतरला, वरचा बोल्ट उघडला, खालचा उघडला, तेल सोडलं आणि मधेच जेवायला वर आला. मक्याची उकड आणि पालेभाजी खाल्ली, थोडा वेळ झाडाखाली बसला. मग परत उतरून त्याने दोन्ही बोल्ट घट्ट आवळले, फडक्याने पुसले आणि म्हणाला, "झालं. जा, फिरव."

नव्या तेलाचा डबा भिंतीशी होता तसा, सील न फोडलेला.

मैदानात गाडी फिरायला लागली आणि किंचाळली. बघणारे सांगतात, माणूस ओरडावा तसा आवाज आला, आणि गिअरबॉक्स जागच्या जागी जाम. दोर बांधून ती आमच्या अंगणात ओढत आणली, मागे निम्मं मैदान. मोलेफी खड्ड्यात उतरला. वरचा बोल्ट काढून त्याने आत करंगळी घातली. ती कोरडी बाहेर आली. तो वर आला तेव्हा रागाने लाल झाला होता.

"कुठल्या गाढवाने केलंय हे? तेलाचा थेंब नाही आत! तांकिसो, माझ्या पाठीमागे दुसऱ्याकडे गेलास ना तू?"

सकाळी ती गाडी कुणाच्या खड्ड्यावर उभी होती हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. तांकिसोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात झारा होता. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"चुकलं, मालोमे. खेळाची घाई होती, दुसऱ्याकडून करून घेतलं. परत नाही जाणार."

"तुझ्या आईलाच सांगतो थांब! एवढा घोडा झालास आणि अक्कल कवडीची नाही!"

तांकिसोने सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून, चार लोकांत, आपल्या मेलेल्या गाडीशेजारी उभं राहून. मी आत गेले आणि पिठाच्या पोत्यात तोंड खुपसून रडले. देवाने त्या जाड्याला उदंड आयुष्य द्यावं.

हळूहळू रांग आटली. लोक यायचे, मालोमेला हात करायचे, माक्वेन्या घेऊन जायचे, पण गाडी कुणी आणेना. त्यांना तरी मी काय बोलू? गाडीवर जीव असतो माणसाचा. फक्त तांकिसो राहिला. त्याने कुठून तरी दुसरा गिअरबॉक्स बसवून घेतला आणि दर शनिवारी गाडी खड्ड्यावर आणायला लागला. काम झालं की तो चर्चच्या मागे गाडी न्यायचा आणि स्वतः खाली शिरून वरचा बोल्ट उघडून बघायचा. कधी तेल काठोकाठ असायचं, कधी आत काहीच नसायचं, मग स्वतःच भरायचा. मोलेफीला त्याने कधी जाणवू दिलं नाही.

पण दर आठवड्याला बदललेलं तेल काळं तरी किती होणार? हिवाळ्यातल्या एका शनिवारी ते मधासारखं स्वच्छ बाहेर आलं. मोलेफीने बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. परत हुंगलं.

"तांकिसो, हे तेल नवं आहे."

"असेल, मालोमे."

"असेल काय? आठवडासुद्धा झालेला नाही याला. कुणी घातलं?"

तांकिसो बावचळला आणि खरं बोलून गेला. "तुम्हीच."

मोलेफी वर आला आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला. "मी? मा-सेल्वाने, मी कधी?"

तो चेहरा समोर असताना मला खोटं बोलता येईना. "मागच्या शनिवारी, न्ताते."

"आणि त्याच्या आधीच्या?"

मी मान डोलावली. तो आपल्या हातांकडे बघत राहिला, आणि कुठून कोण जाणे, त्याला ते आठवलं. "तो कोरडा गिअरबॉक्स," तो म्हणाला. "तो मीच केला होता. होय ना? आणि मी तुला गाढव म्हणालो." मग म्हणाला, "लहान मुलाला खेळणं द्यावं तशी तुम्ही मला गाडी देता."

त्याची आई गेली तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो तेलाच्या हातांनी तोंड झाकून रडला, आणि हात काढले तेव्हा चेहऱ्यावर बोटं उमटली होती. तांकिसो भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मोलेफीने पाने गोळा करून पेटीत घातले, पेटी आत नेऊन ठेवली आणि न जेवता झोपला.

सकाळी उठून बघते तर हा कामाचा डगला घालून खड्ड्यापाशी उभा. "तांकिसो आला नाही अजून?" सगळं पुसून गेलं होतं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला.

पुढच्या शनिवारी तेल पुन्हा स्वच्छ निघालं. पुन्हा त्याने हुंगलं, पुन्हा "हे तेल नवं आहे," पुन्हा तो काठावर बसला आणि एकेक प्रश्न विचारत तिथेच येऊन पोचला, आणि रडला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. एकच वाईट बातमी माझ्या नवऱ्याला दर शनिवारी पहिल्यांदा कळत होती, आणि मला ती दर वेळी सांगावी लागत होती.

मी तांकिसोला म्हटलं, तू येऊ नकोस बाबा. तो आला नाही. मोलेफी दिवसभर फाटकात उभा राहिला, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत. घासभरसुद्धा जेवला नाही. तेही मला बघवेना.

आमच्या संडासामागे जुन्या तेलाची पिंपं आहेत. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लोक ते मागून नेतात. मी त्यातलं एक कॅन भरून तांकिसोच्या दारात गेले.

"हे गाडीत भर."

त्याने वास घेतला आणि चरकला. "हे? मा-सेल्वाने, वाट लागेल गाडीची."

"आमच्या खड्ड्यापर्यंत टिकेल ना? मग तिथे नवं भरलं जाईलच."

मग त्याने गाडी जॅकवर चढवली. त्याचं पोट गाडीखाली मावेना, म्हणून पोतं अंथरून मीच आत सरकले. गुशेशेचं पोट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वरचा बोल्ट कुठला हे मला कुणी दाखवावं लागलं नाही. तेल माझ्या डोक्यावर सांडलं, कानात गेलं, आणि तांकिसो बाहेरून मला आई म्हणत सारखा विचारत होता, "जमतंय ना, म्मे? जमतंय ना?"

शनिवारी खड्ड्यात काळंकुट्ट तेल पडलं आणि मोलेफीचा आवाज चढला. "बघ! बघ हे! अजून एक खेळ झाला असता तर गाडी गेलीच होती तुझी!" कितीतरी दिवसांनी त्याने तांकिसोची कुंडली मांडली, बायकोपर्यंत गेला, आणि मी मुद्दाम फाटकातून ओरडले. त्या दिवशी तो पोटभर जेवला. तेव्हापासून दर शुक्रवारी मी डोक्याला फडकं घट्ट बांधते आणि कॅन घेऊन निघते. शनिवारी काम झाल्यावर चर्चच्या मागे तांकिसो गाडी तपासतोच.

परवाच्या शनिवारी मोलेफीने तेल बोटावर घेतलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळलं. बोटं वेगळी करून बघितली. मग खड्ड्यातून मान वर काढून मला हाक मारली.

"अहो औसी, जरा इकडे या."

औसी म्हणजे ताई. रस्त्यात अनोळखी बाईला हाक मारायची तर तशी मारतात. मी गेले. त्याने बोट माझ्या नाकाखाली धरलं.

"वास घ्या. यात माती आहे. पावसाचं पाणीही लागलंय. हे गाडी चालून काळं झालेलं नाही. उघड्यावर पडलेलं जुनं तेल आहे हे, कुणीतरी मुद्दाम भरलंय."

तांकिसो टायरकडे बघायला लागला.

"कोण करेल असं, न्ताते?" मी विचारलं.

"ज्याला जराही माया नाही असा कुणीतरी. फसवतंय कुणीतरी या बिचाऱ्याला." रागाने त्याचे डोळे चमकत होते, अगदी पूर्वीसारखे. "असा माणूस माझ्या अंगणात पाऊल ठेवता कामा नये. आणि एक काम करा, औसी. तिकडे फाटकाशी माझी बायको बसते माक्वेन्या तळत. फार भोळी आहे ती, कुणालाही आत येऊ देते. तिला तेवढं सांगून ठेवा."

"सांगते," मी म्हटलं. "सांगते तिला, न्ताते."

आणि नव्या तेलाचा डबा उचलून खाली त्याच्या हातात दिला.