मामा उभा राहू दे

वैजापूर सोडलं त्या सकाळी माझे वडील, अण्णा, बसच्या खिडकीशी उभे होते. "पोरीला शाळेत घाल, बाकीचं बघू," एवढंच म्हणाले. पोर चार वर्षांची. नवरा सुरतेला मागावर कामाला गेलेला. आधी पैसे बंद झाले, मग फोन.

संभाजीनगरात कंपनीत पॅकिंगला लागले, मुकुंदवाडीत खोली घेतली. कोर्टानं पोटगी मंजूर केली तेव्हा वाटलं, जिंकले. पण हुकूम इथला आणि माणूस गुजरातेत. वॉरंट दोनदा सुरतेला गेलं, दोनदा परत आलं: 'सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही.' पोरीच्या फीसाठी मी डबल ड्यूटी करायचे आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचे.

मग आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली नणंद, त्याची सख्खी बहीण, फुलंब्रीला दिलेली. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मंगलाष्टकांना नवरीच्या मागं मामा लागतो, आणि मामा तो एकच. कुठंही दडला असला तरी येणार.

"शोभा, मामा उभा राहू दे," आक्का म्हणाली. "अक्षता पडल्या की तुझं तू बघ. त्यानं पोरीचं लई खाल्लं."

मी वकीलबाईंना सांगितलं, त्यांनी नवं वॉरंट काढलं. लग्नाच्या दिवशी साध्या कपड्यातले दोन पोलीस मांडवाबाहेर थांबले. अक्षता पडल्यावर त्याला धरलं. "घरच्या कार्यात पोलीस आणले तू?" तो म्हणाला.  घर त्याला तेव्हा बरं आठवलं. तुरुंग टाळायला त्यानं थकलेली पोटगी भरली, आता दर महिन्याला भरतो.

फोन कुणी केला ते मात्र लपलं नाही. सासूबाईंनी आक्काला बजावलं, या घराची पायरी चढू नकोस. माझ्यापायी तिचं माहेर तुटलं. पोटगी हातात आली तरी हे मनाला लागून राहिलं.

भाऊबीजेला दार वाजलं. दारात आक्का, हातात पिशवी. तिला कुठं बसवावं मला सुचेना. तीच आत आली, भिंतीला टेकून पाय पसरून बसली.

"चहा टाक. दोन दिस राहीन," म्हणाली. "माहेरी आलेय मी."

इतकी वर्षं मी या जागेला खोलीच म्हणत होते.