बायनाबाईचे न मोडणारे रुपये

मानवतच्या बसस्टँडवर बायनाबाई पाटी घेऊन बसायची. दिवस असतील तसा माल. कधी पेरू, कधी बोरं, कधी उकडलेल्या शेंगा. गिऱ्हाइकाशी फार बोलायची नाही, पण त्यानं दिलेलं नाणं मात्र उलटंपालटं करून बघितल्याशिवाय कमरेच्या पिशवीत टाकायची नाही. लोकांना वाटायचं, खोटं नाणं तपासतेय. ती चित्र बघायची.

गव्हाच्या ओंब्यांचं नाणं, एशियाडचं नाणं, नेहरूंचं ते जाडजूड पाच रुपयांचं, असं एकेक तिनं पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. नवरा लिंबाजी जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलायचा. त्याला हा नाद कळत नसे, पण एका चित्राचं एकच नाणं ठेवायचं हा बायकोचा नेम असल्यानं तो गप्प होता. बिडीला जातात तेवढेच जातात, असा त्याचा हिशोब.

मग जन्मशताब्दीच्या वर्षी बाबासाहेबांचा रुपया निघाला आणि नेम मोडला.

पहिला रुपया आला तो तिनं कपाळाला लावून डब्यात ठेवला. दुसरा आला, तोही ठेवला. तिसरा झरी गावच्या एका माणसाला सुट्टे म्हणून परत द्यायची वेळ आली, तेव्हा हात पुढं होईना. त्या माणसाला तिनं रुपयाऐवजी दोन पेरू जास्त दिले. हे कळताच रोज ये-जा करणारे काही बिलंदर लोक मुद्दाम हुडकून बाबासाहेबांचाच रुपया आणून दोन पेरू जास्त मागायला लागले. बायनाबाईला लबाडी कळायची, पण रुपया दिसला की ती विरघळायची. डबा जड होत गेला आणि पाटी हलकी. शेवटी एका सकाळी माल भरायला पैसेच उरले नाहीत.

लिंबाजीनं डबा मागितला. नुसते ठेवून त्या रुपयांचा काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. बायनाबाईनं डबा त्याच्यापुढं सरकवला आणि तोंड फिरवून चुलीपुढं बसली.

"माझ्यानं व्हायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमाला जमत आसंल तर बघा."

न जमायला काय झालं? लिंबाजीनं नुसते बाबासाहेबांचे रुपये वेगळे काढले, उपरण्यात बांधले आणि बन्सीधरच्या आडतीवर गेला. पेरूंनी भरलेली बांबूची एक डाल नक्की केली, उपरणं सोडलं. बन्सीधर तसा भला माणूस, पण घाईतला. तो रुपये मोजून पेटीत फेकायला लागला. एकेक रुपया खण्‌कन वाजत होता. लिंबाजीनं दुसरीकडं बघायचं ठरवलं. तेवढ्यात एक रुपया निसटून फरशीवर गडगडत निघाला आणि बन्सीधरनं तो सवयीनं चपलेखाली दाबून धरला.

"शेठ, पाय काढा," लिंबाजी म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण आडतीतले हमाल थांबले. बन्सीधरनं खाली बघितलं, रुपया बघितला, लिंबाजीकडं बघितलं आणि पाय उचलला. मग स्वतः वाकून रुपया उचलला, धोतराला पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला. लिंबाजीनं पेटीतलेही सगळे परत मागून घेतले. डालीचं काय, असं बन्सीधरनं विचारल्यावर लिंबाजी म्हणाला की त्याबदल्यात दिवसभर पोती उचलतो. आणि त्यानं उचलली.

दिवस मावळायला तो डोक्यावर डाल घेऊन घरी आला. कमरेला रुपये जसेच्या तसे.

"बन्सीधर सुट्टे घेईना," त्यानं सांगून टाकलं. "लय चिल्लर झाली म्हणाला. उधारीवर दिली डाल."

बायनाबाईनं त्याची वाकडी चाल बघितली, खांद्यावरची सोललेली कातडी बघितली. तिनं तेल गरम करायला ठेवलं. चोळताना तिला एकदोनदा हसू आलं. ते त्याला पाठीवर कळत होतं, पण त्यानं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून धंद्याची रीत बदलली. रुपयाला काही विकायचंच नाही, म्हणजे रुपया हातात यायलाच नको. आठ आण्याचा वाटा, नाहीतर दोन रुपयांचा. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण पेरू गोड होते. जमलेल्या रुपयांनाही वाट मिळाली. वस्तीत कुणाचंही बारसं असलं की बायनाबाई पाळण्यात एक रुपया ठेवायची. मोडायचा नाही, अशी लेकराच्या आईला ताकीद देऊन.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला रेडिओवर बातमी आली की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. वस्तीत रात्रभर हलगी वाजली. ज्यांची घरं या नावाच्या मागणीपायी दंगलीत जळाली होती ते म्हातारेही नाचले. सकाळी लिंबाजी चेष्टेनं म्हणाला, "इद्यापीठाचं बारसं झालं. आता त्याला काय देणार?"

बायनाबाईनं खरंच एक रुपया पदराला बांधला. नवराबायको औरंगाबादला गेली. विद्यापीठाच्या कमानीखाली ही गर्दी. तिनं डोकं टेकवलं आणि रुपया पायथ्याशी ठेवला. चार पावलं गेली नाहीत तोच एक पोलीस मागनं आला.

"आजी, तुमचा रुपया पडला."

ती परत जाऊन ठेवून आली. या वेळी एका कॉलेजच्या पोरीनं तो धावत आणून दिला. तिसऱ्यांदा पैठणी नेसलेल्या एका बाईनं. प्रत्येकानं आधी तो कपाळाला लावला होता. बायनाबाई थकून पायरीवर बसली.

"कुणी ठिवूच देईना," ती लिंबाजीला म्हणाली. "तुमीच घ्या."

लिंबाजीनं तो बंडीच्या आतल्या खिशात घातला. परतीच्या गाडीत कंडक्टरनं तिकिटासाठी वरचा एक रुपया सुट्टा मागितला. लिंबाजीनं खिशावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "न्हाई हो साहेब. सुट्टा एक बी न्हाई."