टँकरमागची फ्रेम

सायकलची फ्रेम बदलायची की चाकं, हा वाद त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवतानासुद्धा चालायचा. सायकल क्लबच्या चौघांच्या टीममध्ये एकच जागा उरली होती आणि ती मलाही हवी होती, माझ्या धाकट्या भावालाही. मी इंजिनिअर, तो बँकेत. माझं म्हणणं ठाम होतं: हवा आधी फ्रेमला भिडते, पैसा तिथंच घालायचा. तो म्हणायचा, चाकं घे. मी म्हणायचे, तुला काय कळतंय.

नुसतं बोलून गप्प बसणारी मी नाही. गारखेड्यातल्या आमच्या सायकल मिस्त्रींकडून हवा कापणारी फ्रेम एक दिवस मागून आणली, दुसऱ्या दिवशी उंच रिमची चाकं आणून माझ्या जुन्या फ्रेमला लावली. जालना रोडवर दोन्ही घड्याळ लावून चालवली. फ्रेमनं चाकांना पार मागं टाकलं. मी फ्रेम विकत घेतली, भावानं हट्टानं चाकं घेतली.

निवड रविवारी पहाटे झाली. एकेकट्यानं चालवायचं होतं. भावानं मला सव्वा मिनिटानं हरवलं.

मिस्त्री बघायला आले होते. म्हणाले, “बेटा, फ्रेम आजमाई तब आगे कौन था?”

पुढं टँकर होता. दुष्काळाचं साल, चिकलठाण्याच्या पुढं रोज नवी सोसायटी उभी राहायची आणि पाणी टँकरचं. टँकर गळायचे, म्हणून त्यांच्या मागं गारव्यात सायकल चालवायची आम्हा सगळ्यांनाच सवय लागली होती. चाकांच्या दिवशी वीज गेली, टँकर भरलेच नाहीत, आणि मी एकटी वाऱ्याशी झुंजले. मोठ्या गाडीच्या मागं वारा अडतो हे नव्या पोरांना शिकवणारी मीच. स्वतःची मला भयंकर लाज वाटली.

“टँकर के पीछे तो मेरी खटारा भी भागती,” मिस्त्री म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

भाऊ जवळ आला. “ताई, मी क्लबला सांगतो, माझ्याऐवजी तू जा. तू किती वर्षं वाट बघतीयेस.”

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. “हरले ते चालेल मला,” मी म्हणाले, “तू दिलेली जागा चालायची नाही.”

मी त्याच्याकडं दोन दिवसांसाठी चाकं मागितली, या वेळी टँकरशिवाय घड्याळ लावून बघायला.