दुसऱ्याच्या नाकाचा रिपोर्ट

“निगेटिव्ह शे ना हाई? मंग मानूस धापा काबर टाकी ऱ्हायना?”

बाईनं मोबाईल थेट माझ्या तोंडासमोर धरला होता. पीपीई किटमध्ये माझ्या चष्म्यावर वाफ जमलेली. मला अक्षरं दिसेनात. तिला म्हटलं, “वाचून दाखव.” ती म्हणाली, “वाचता येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं ताई?” बरोबर होतं तिचं.

दुसऱ्या लाटेतला उन्हाळा. बमरोलीत एका शाळेच्या मैदानावर आमचा टेस्टिंगचा तंबू होता. मी लॅब टेक्निशियन. मूळ गाव धुळ्याकडचं, पण वाढले इथेच, सुरतेत. त्यामुळे तंबूसमोर कोणी अहिराणीत ओरडायला लागलं की सगळे माझ्याकडे बघायचे. डॉक्टरसाहेब म्हणायचे, “बेन, तमारा गामवाळा आव्या.” गावचे म्हणजे काय, अर्धी लाईन माझ्या गावचीच असायची. आजूबाजूला मिल्स आणि खाती. खातं म्हणजे पॉवरलूमचा कारखाना. तिथल्या मागाला इथे संचा म्हणतात.

मोबाईल मी चष्म्याच्या अगदी जवळ नेऊन वाचला. नाव भिका. आरटीपीसीआर, निगेटिव्ह. सॅम्पल आमच्याच तंबूवर घेतलेलं, आधल्या आठवड्यात. म्हणजे मीच घेतलेलं, कारण नाकात काडी घालणारी दुसरी मुलगी आजारी पडून घरी होती.

“कुठे आहे पेशंट?”

“रिक्षामां.”

लाईन गेटाबाहेर गेलेली. उन्हात उभी माणसं माझ्या नावानं बोटं मोडत होती. मी उठले तसे सगळे ओरडले, “ओ बेन, कुठे चालल्या?” मी म्हटलं, “पाणी प्यायला नाही चालले, बसा गप.” खरं सांगायचं तर पाणी प्यायचीच इच्छा होती. किट घातलं की ते उतरवेपर्यंत पाणीही नाही आणि बाथरूमही नाही.

रिक्षात एक माणूस मागच्या सीटवर आडवा झाला होता. वय फार तर पस्तीस. ओठ काळपट पडलेले. बोलायला गेला की शब्द अर्ध्यावर तुटायचा. शेजारी दुसरा माणूस त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, गमछा तोंडावर बांधून. मी पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. बोटाला लावायचा चिमटा असतो तो, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवतो. आकडा ऐंशीच्या घरात. चांगल्या माणसाचा पंचाण्णवच्या पुढे असतो.

वॉर्डबॉयला ओरडून सांगितलं, एकशे आठ बोलाव. अँब्युलन्स येणार हे ठरलं. पण ती पेशंटला नेणार कुठे, हा प्रश्न त्या दिवसांत अँब्युलन्सपेक्षा मोठा होता. पॉझिटिव्ह असेल तर कोविडचं हॉस्पिटल, तिथे ऑक्सिजनचे बेड. निगेटिव्ह असेल तर कोविडवाले दारातून परत पाठवायचे. आणि साध्या वॉर्डातले धाप लागलेला माणूस बघितला की म्हणायचे, हा कोविडच आहे, तिकडे न्या. मधल्या मधे माणूस रिक्षातच जीव सोडायचा. असे मी बघितले होते.

म्हणून सगळा खेळ त्या मोबाईलवरच्या एका शब्दावर होता. निगेटिव्ह.

मी वाकून पेशंटच्या तोंडाकडे नीट बघितलं. हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

आता हे सांगितलं की लोक हसतात. दिवसाला एवढी माणसं यायची, तुला कसं आठवणार? चेहरे नाहीच आठवायचे. चेहरे मास्कमागे असायचे आणि मास्क खाली आला की डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करून बसायचे सगळे. पण नाकं आठवायची. नाकातून आत, पार घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत काडी न्यायची असते. हाताला कळतं नाक कसं आहे ते. ज्याच्या नाकपुड्यांमधला पडदा वाकडा, त्याच्या एका बाजूनं काडी जातच नाही. जबरदस्ती केली तर रक्त येतं.

आणि भिका नावानं आलेल्या माणसाची उजवी नाकपुडी बंद होती. मला पक्कं आठवत होतं, कारण काडी अडली तेव्हा तो म्हणाला होता, “ताई, इथून रस्ता नाही, शेजारच्या गल्लीतून जा.” दिवसभरात तेवढं एकच हसू आलं होतं, ते कशी विसरेन?

रिक्षातल्या माणसाच्या उजव्या नाकपुडीसमोर मी टॉर्च धरला. रस्ता सरळ. अगदी हायवे.

“ही टेस्ट याची नाही,” मी बाईला म्हटलं. “कोण आलं होतं याच्या नावानं?”

बाई, रेखा तिचं नाव, भिकाची बायको, तिनं गमछावाल्याकडे बघितलं. त्यानं गमछा खाली केला. नाक डावीकडे झुकलेलं.

“मी,” तो म्हणाला. लाज नाही, भीती नाही, काही नाही. “मी तेना बदली शे ना, ताई.”

इथे बदली म्हणजे काय ते सांगायला हवं. खात्यात बारा तासांची पाळी असते. संचा थांबला तर शेठचं नुकसान, म्हणून तो थांबू द्यायचा नाही. तुला ताप आला, गावाला जायचंय, बायको बाळंत आहे, काहीही असो, तुझ्या संचावर उभा राहायला तू तुझा माणूस द्यायचा. तो तुझा बदली. बहुतेक गावचाच असतो, तुझ्याच घरी जेवतो. तू नसलास की तो तुझ्या नावानं उभा राहतो, आणि त्याच्या वेळेला तू. साहेबराव हा भिकाचा बदली. एका गावचे, लग्न फक्त भिकाचं झालेलं. साहेबरावाचा डबा रेखाच्याच चुलीवर.

“अरे पण टेस्टला बदली?” माझा आवाज चढला. “अक्कल गहाण ठेवलीस का?”

“खात्यात संचे वाटून देणारा मास्तर म्हणाला, निगेटिव्ह रिपोर्ट आणा, नाहीतर संचा दुसऱ्याला देतो. भिकाला ताप होता. उन्हात उभं राहवेना त्याला. रेशनच्या लाईनीत त्याच्या जागेवर मी उभा राहतो, गॅसच्या लाईनीत मी. ही पण लाईनच ना?” मग म्हणाला, “काय चुकनं मनं?”

आधार कार्ड भिकाचं, तोंडाला मास्क, आणि आधारवरचा फोटो म्हणजे सख्ख्या आईनंही ओळखू नये असा. रजिस्ट्रेशनवाल्याला काय दिसणार?

डोकं फिरलं माझं. ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघितलं, तर तो भिकाच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या गमछ्यानं पुसत होता. इतके दिवस या तिघांनी एका खोलीत तो एक शब्द उशाला घेऊन काढले होते. निगेटिव्ह आहे, म्हणजे साधा ताप आहे. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, काढा पाजला. धाप लागली तरी रेखा मनाला समजावत होती, रिपोर्ट चांगला आहे.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. म्हटलं, अँटीजेन करायचीय, आत्ताच्या आत्ता. अँटीजेन म्हणजे कार्डवरची टेस्ट. नाकातलं सॅम्पल द्रवात मिसळून कार्डवर थेंब टाकायचे, पंधरा मिनिटांत निकाल. आरटीपीसीआर लॅबमध्ये जाते, तिला एक-दोन दिवस लागतात, गर्दी असली तर जास्त. ती बारीक पकडते, कार्ड ढोबळ पकडतं. पण माणूस एवढा आजारी असेल तर विषाणू भरपूर असतो, कार्ड बहुतेक पकडतंच.

“इनका तो निगेटिव्ह है,” साहेब कॉम्प्युटरमध्ये बघत म्हणाले. “किट गिनती के बचे हैं, बेन.”

“साहेब, ये वो आदमी नहीं है.”

“कैसे पता?”

“नाक से.”

साहेबांनी मान वर केली. “बेन, थक गई हो. दो मिनट बैठो.”

थकले होतेच. पण अशा वेळी कोणी थकलीस म्हटलं की मला चेव चढतो. साहेबरावाचा दंड धरून मी त्याला टेबलासमोर उभा केला. “साहेब, याच्या उजव्या नाकात काडी घालून बघा. गेली तर उद्यापासून मी येत नाही.” साहेबांनी टॉर्च मारला, मग साहेबरावाकडे बघितलं, मग रिक्षाकडे. ड्रॉवरमधून कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

पंधरा मिनिटं थांबायची गरजच पडली नाही. दुसरी रेघ लगेच उमटली, ठळक. पॉझिटिव्ह. साहेबांनी रिपोर्टवर सही केली, कोविड हॉस्पिटलला फोन लावला, चांगले गुजरातीत भांडले आणि बेड मिळवला. माणूस वाईट नव्हता, तोही आमच्यासारखाच पिळून निघालेला होता.

अँब्युलन्स आली. रेखा आत चढायला लागली. ड्रायव्हरनं अडवलं, कोविडमध्ये नातेवाईक नाहीत. ती तिथेच दाराला धरून उभी राहिली. मी तिला ओढून बाजूला घेतलं आणि तेव्हाच साहेबराव माझ्याजवळ आला. आवाज एकदम खाली.

“ताई, एक विचारू? तिथे दवाखान्यात त्याच्या जागेवर मी झोपलो तर नाही चालणार? त्याच्या दोन पोरी आहेत. मला मागे कोणी नाही.”

मी काहीतरी कडक बोलणार होते. किटमध्ये रडता येत नाही, चष्मा आणखी भरतो, पुसायची सोय नसते. “नाही रे बाबा,” एवढंच म्हटलं. “तिथे ज्याचं त्यालाच झोपावं लागतं.”

अँब्युलन्स गेली. ते दोघं तिथेच उभे. मी म्हटलं, आता तुमचं ऐका.

“माझी तर झाली टेस्ट,” साहेबराव म्हणाला. “निगेटिव्ह.”

हे मी दिवसातून किती वेळा समजावलं असेल देव जाणे. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी, त्या काडीवर काही सापडलं नाही, एवढंच. तो पास नाही महिनाभर चालायला. विषाणू आत शिरल्यावर त्याला वाढायला वेळ लागतो. आजाऱ्याच्या जवळ गेलात आणि लगेच दुसऱ्या दिवशी टेस्टला पळालात, तर काही दिसत नाही. त्रास काही नसेल तर पाचेक दिवस थांबायचं, तोवर घरात वेगळं राहायचं, मग यायचं. पण ताप, खोकला, घसा, वास जाणं, यातलं काही सुरू झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. आणि धाप लागली तर टेस्टच्या लाईनीत उभंच राहायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. टेस्ट ते तिथे करतात.

“आणि खात्यात?” त्यानं विचारलं. “भिकाच्या संचावर कोण उभं राहील?”

“बंद राहू दे संचा! तुझ्या शेठला सांग, बाईनं सांगितलं.”

शेठ कुठे बाईचं ऐकतो. पण साहेबरावानं ऐकलं. खात्यात गेला नाही. भिकाचा संचा गेला, साहेबरावाचाही गेला. चौथ्या दिवशीच त्याला ताप आला, त्याच दिवशी तो लाईनीत होता, स्वतःच्या आधार कार्डासह. खुर्चीत बसून मान वर करत म्हणाला, “डावीकडून, ताई.” पॉझिटिव्ह निघाला. ताप घरच्या घरीच उतरला. रेखालाही कोविड झाला, पोरींना मात्र नाही.

भिका जगला. फार दिवस ऑक्सिजनवर होता. घरी आला तेव्हा तीन पायऱ्या चढला की बसायचा. बारा तास संचावर उभं राहणं नंतर त्याला जमलंच नाही. साहेब मला एकदा म्हणाले, चार दिवस आधी आला असता तर फुप्फुसं एवढी गेली नसती. मी म्हटलं, माहीत आहे.

भिकाला अँब्युलन्सनं नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एका पुठ्ठ्यावर मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत लिहून तंबूला टांगलं, ‘टेस्ट स्वतःचीच द्यावी.’ येणारे जाणारे वाचून हसायचे. हसू देत. मी दिवसभरात दोन-तीन बदली पकडायचेच. एकानं तर बायकोच्या नावावर टेस्ट द्यायचा प्रयत्न केला, मिशीसकट.

तंबू कधीच उठला. मी आता हेल्थ सेंटरमध्ये बसते, बहुतेक शुगर आणि हिमोग्लोबिन करते. अधूनमधून पुन्हा खोकल्याची साथ येते, मोबाईलवर बातम्या फिरतात आणि लोक येऊन विचारतात, टेस्ट कुठे करायची, कधी करायची. मी तेच सांगते. कंटाळा येतो, तरी सांगते.

परवा दारात साहेबराव उभा. केस पांढरे झालेत, नाक तसंच. भिकाचा हात धरून आणलेला. दोघं मिळून आता बमरोलीत भाजीची गाडी लावतात, दोन दिवसांपासून भिकाला खोकला होता. साहेबरावानं त्याला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं, मास्क खाली केला, हनुवटी धरून मान वर केली आणि म्हणाला,

“घे ताई. ह्या वेळी ओरिजिनल आणलाय.”